बेलिफदादाच्या भागातले आकडे

कोर्टाचं समन्स घरोघरी पोचवायचं काम तो बावीस वर्षं करत होता. सगळे त्याला बेलिफदादा म्हणत. किरकोळ गुन्ह्यातला माणूस तारखेला येत नाही, मग वॉरंट निघतं आणि तो आत जातो, हे त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. माणसं का येत नाहीत, तेही त्याला पाठ होतं. कागदावर कलमांची गर्दी आणि तारीख मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. एकदा साहेबांना सांगूनही पाहिलं. साहेब म्हणाले, "तुम्ही कागद वाटा, अक्कल नको."

मग त्याची धाकटी बहीण आली, विद्यापीठात संशोधन करणारी. आठ महिने ती कोर्टाच्या दप्तरखान्यात धूळ खात बसली, चार हजार खटले चाळले आणि नेमकं तेच म्हणाली. त्याच साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "याला म्हणतात अभ्यास!"

दारात गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या भावाचा नुसता जळफळाट झाला.

घरी आईचं वेगळंच. "माझ्या लेकीनं कोर्टाला वळण लावलं," ती येईल त्याला सांगायची.

"आई, मीपण कोर्टातच आहे."

"हो रे, तुझं आहेच."

पुढे पडताळणी ठरली. चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना नवा कागद द्यायचा, तारीख वरच ठळक छापलेला, निम्म्यांना जुनाच. तीन महिन्यांनी हजेरी मोजायची. दोन्ही गठ्ठे त्याच्याही हातात आले, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

जुना कागद द्यायचा असला की तो दारातच फतकल मारायचा. तारखेभोवती पेनानं गोल करायचा. "मंगळवारी साडेदहाला, दुसरा मजला, चार नंबरची खोली. चुकलास तर पकडून नेतील." जिना उतरताना मनात म्हणायचा, बघू आता बाईसाहेबांचे आकडे!

बाकी सगळ्या भागांत नवा कागद सरस ठरला. त्याच्या भागात मात्र दोन्ही सारखेच. बहीण आकड्यांचा कागद घेऊन थेट त्याच्या स्वयंपाकघरात आली.

"दादा, तुझ्याकडे जुन्या कागदाची माणसंही हजर कशी?"

"समजावून सांगितलं त्यांना."

"सगळ्यांना?"

"फक्त जुन्या कागदवाल्यांना." त्याला खोटं बोलवेना. "तू तोंडघशी पडावीस म्हणून."

तिनं हातातला कागद ओट्यावर ठेवला. "हे सगळं तुला माहीत होतं, तर आधी का नाही बोललास?"

"आठ महिने माझ्यासमोर बसून डबा खाल्लास. एकदा तरी विचारलंस?"

तिचा चेहरा पडला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

तिला ते लपवता आलं असतं. तिनं अहवालात खरं तेच लिहिलं: एका भागाचे आकडे का वगळले आणि तिथे नुसतं समजावून सांगितल्यानं काय झालं. "तुझं नाव घालू?" तिनं विचारलं. "काही गरज नाही," तो तोऱ्यात म्हणाला, आणि नंतर महिनाभर स्वतःवरच चरफडला. कारण आता हुकूम निघाला होता: नवा कागद द्या आणि प्रत्येक बेलिफानं तो समजावून सांगा.

परवा एका म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "हे वाचायला सोपं आहे हो. कुणी केलं?"

"ऑफिसातल्या कुणीतरी," तो म्हणाला, आणि तारखेवर बोट ठेवून समजावू लागला.