साहेबांचं गाणं

माझा नवरा आखातात, मुसफ्फातल्या एका जपानी कंपनीत इंजिनियर होता. वर्षातून एकदा, जूनमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी, कंपनी हॉटेलातली एक खोली घेऊन कॅराओके करायची. बायकांनाही बोलावणं असायचं. पडद्यावर शब्द उमटणार आणि साहेबलोक माइक धरून त्यांच्याकडची जुनी प्रेमभंगाची गाणी म्हणणार. सगळ्या गाण्यांची गोष्ट एकच. बाई सोडून गेली, बंदरावर बर्फ पडतोय, पुरुष दारू पितोय. बाहेर चपला चिकटतील असं ऊन आणि आत सूटबूट घातलेले बाप्ये बर्फासाठी टिपं गाळतायत!

मोठे साहेब शेवटी गायचे. त्यांचं गाणं ठरलेलं. सूर एकीकडे, साहेब दुसरीकडे, तरी आमचे मॅनेजर डोळे मिटून माना डोलवायचे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. मी आपली कच्चा मासा बाजूला सारून नुसता भात खायची.

त्या वर्षी मात्र प्रसंग बाका होता. दोन सेक्शन एकत्र होणार होते. हेड एकच राहणार, दुसऱ्याचा करार संपणार. एक हेड माझा नवरा, दुसरा त्याचा वसईचा सहकारी. करार संपला की व्हिसा संपला, आणि आमची मुलगी दहावीत. यावर नवऱ्याने उपाय काय काढावा? साहेबांचंच गाणं पाठ करायचं!

"अगं, त्यांचं फेवरेट साँग आणि एक इंडियन गातोय! इम्प्रेशन पडणारच, इन्शाल्ला."

"प्रोजेक्ट वेळेत दे, त्याने पडेल," मी म्हणाले.

देवनागरीत लिहिलेलं गाणं फ्रिजवर चिकटलं. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये महिनाभर ती बाई रोज सोडून जात होती. दाढी करताना, भाजी निवडताना, मुलीला शाळेत सोडताना. "बाबा, प्लीज! नॉट इन द कार," मुलगी कळवळून सांगायची. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरणारा हा माणूस कधी न पाहिलेल्या बाईसाठी गहिवरत होता. मला हसूही येईना, नुसता वीट आला.

त्या दुपारी वसईकर आधी गायला. कुठलंसं उडतं इंग्रजी गाणं, तेही बेसूर, मध्येच शब्द विसरून. साहेब पोट धरून हसले. मग नवरा उठला. पडद्यावर गाण्याचं नाव झळकलं तशा सगळ्या जपानी माना खाली गेल्या. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. तो गायला, आणि कबूल करायला जिवावर येतं, पण फार सुंदर गायला. कॉलेजात असताना गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गायचा तो गळा अजून शाबूत होता.

साहेबांच्या मिसेस माझ्या शेजारी होत्या. हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे वाकून त्या हळूच इंग्रजीत म्हणाल्या, "हे माझ्या मिस्टरांचं गाणं. आमच्यात वरिष्ठांचं गाणं त्यांच्यासाठीच ठेवतात. त्यांच्यापेक्षा चांगलं गाता येत असेल, तर नक्कीच."

साहेबांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. त्यांची पाळी आली तेव्हा घसा बसलाय म्हणाले आणि गायलेच नाहीत. एवढ्या मोठ्या वर्कशॉपचा धनी, आणि एका रडक्या गाण्यावर मालकी सांगतो! नवऱ्याच्या अकलेची मला कीव आली, पण त्या माणसाची शिसारी आली.

परतताना गाडीत नवरा खुशीत होता. "साहेबांचे डोळे भरून आले होते, बघितलंस?"

माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई नेहमी म्हणतात. "बघितलं," एवढंच मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

पंधरवड्याने पोस्ट वसईकराला मिळाली. नवरा घरी आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. "खलास," म्हणाला. मुलीने आतून विचारलं, "बाबा, आर वी गोइंग बॅक?" मी पाणी आणून दिलं. ते हातात तसंच धरून तो फ्रिजवरच्या कागदाकडे बघत राहिला.

"गाण्यात तर मी कमी पडलो नाही ना गं?"

"नाही रे," मी म्हणाले. "तू फार छान गायलास."