मी जोडून दिलेला भाऊ

लग्न होऊन मी मेढ्याहून सांगलीला आले तेव्हा हे नुसते कार्यकर्ते होते. नव्वद सालानंतर आमदार झाले आणि मी आपोआप वहिनीसाहेब. पण फिती कापत हिंडणं मला जमण्यातलं नव्हतं. कोठडीत मार खाल्लेली माणसं, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका, ज्यांची फिर्याद कुणी लिहून घेत नाही अशांना घेऊन मी पोलीस ठाण्याची पायरी चढायची. भाषणात हे म्हणायचे, "विरोधी पक्ष आमच्या घरातच जेवतो." लोक हसायचे. मीही हसायचे आणि खरं सांगते, सुखावायचे.

कडेगावकडची ती बाई आली तेव्हा तिचा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून फौजदारानं त्याला उचललं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या हाती प्रेत दिलं. बाई मजुरीवर जगणारी, पण मोडेन पण वाकणार नाही अशी. भावकीनं दमात घेतलं, गावच्या पुढाऱ्यांनी समजावलं, तरी फौजदाराविरुद्धची फिर्याद मागे घेईना. मी तिला आमच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं.

ह्यांना सांगितलं की "बघतो" म्हणायचे. तो फौजदार निवडणुकीत ह्यांच्या कामाला आला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून ह्यांनाच बांधून घ्यायचं मी ठरवलं. दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला तिनं ओवाळलं की ती ह्यांची बहीण झाली. मग मागे सरायची सोय नाही, असा माझा हिशेब.

सासूबाई कडाडल्या, "विधवेकडनं ओवाळून घेनार व्हय रं तू?"

"घेणार, आई," हे म्हणाले. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला!

मी हौसेनं पाट मांडला, रांगोळी घातली. तिनं ओवाळलं. ह्यांनी ताटात साडी ठेवली. सूतगिरणीत कामाला लावतो म्हणाले. माझे डोळे भरून आले. मग ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता भावाचं एक ऐक. ती फिर्याद मागं घे. त्या फौजदारालाबी लेकरंबाळं हाईत. तुझं समदं मी बघतो."

तिनं ताटातली साडी उचलून घेतली. मग म्हणाली, "व्हय, दादा."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तिचा कापलाच, पण सुरी माझ्याकडूनच घेतली होती.

मी तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "अगं, तुझ्या नवऱ्याला मारणारा मोकळा सुटेल. नाही म्हण. मी आहे ना!"

ती साडीची घडी छातीशी धरून उभी होती. रडत नव्हती. "वैनी, मला पाठचा भाऊ न्हाई. आज गावला. पयल्याच दिवशी त्येचा शबुद मोडू?"

कायदा, हक्क, न्याय, सगळं मला तोंडपाठ होतं. पण भावाचा शब्द मोडायचं कलम त्यात कुठंच नव्हतं.

दिवाळी सरताच हे तिला गाडीत घालून ठाण्यात घेऊन गेले आणि तिनं फिर्याद मागे घेतली. ती पुन्हा आमच्या मागच्या खोलीत आली नाही.

हे परतले तेव्हा मी दारातच उभी होते. "तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले. "माझ्या घरात, मी मांडलेल्या पाटावर बसून!"

ह्यांना खरोखरच नवल वाटलं. चप्पल काढता काढता म्हणाले, "फसवलं कसलं? अगं, सगळा गाव थकला, ती कुणाचं ऐकेना. तू तिला माझी बहीण केलीस म्हणून जमलं. तुझ्याशिवाय हे झालं नसतं."

आणि हे त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं.