नदीच्या नाण्यांची माळ

रोह्याच्या पुलाखाली वाळूत वाकलेला तो माणूस मला भिकारी वाटला, म्हणून मी मोठ्या उदारपणे वरून एक नाणं फेकलं. तो पूल चढून आला आणि ते माझ्याच हातावर ठेवून म्हणाला, "नदीला वाहिलेलं चालतं, भाऊ. मला टाकलेलं नाय."

ओळख झाली ती अशी. लोकांनी कुंडलिकेत वाहिलेली वीस पैशांची पिवळी नाणी तो वेचायचा, राखेने घासायचा आणि भोक पाडून लाल दोऱ्यात ओवायचा. लेकीच्या लग्नासाठी माळ करत होता. "सोन्यावानी दिसतात, व्हय ना?" असं विचारायचा आणि उत्तराला थांबायचा नाही.

श्रावणात त्याची लेक तापाने गेली. ओवणं थांबलं नाही.

दिवाळीनंतर तो पुरी झालेली माळ घेऊन आमच्या दारात आला. "वैनी, तुमची ताई माझ्या पोरीयेवढीच हाय. घडीभर घालंल का? कशी दिसली असती, ते बघतो."

गेलेल्या मुलीचा दागिना आपल्या मुलीच्या गळ्यात! मी नुसता घसा खाकरत राहिलो. बायकोने मात्र लेकीला हाक मारली, "ये गो, इथे उजेडात उभी राहा."

"मधलं नाणं सरळ कर गो," तो म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. मग माळ फडक्यात बांधून निघून गेला.

"तुला भीती नाही वाटली?" मी नंतर बायकोला विचारलं.

"वाटली की. पण आपण नाही म्हटलं असतं, तर ती माळ घेऊन तो आणखी किती दारं फिरला असता?"