अर्ध्या पाट्याची मासोळी

आंबागडाच्या पायथ्याशी, तलावाच्या पाळीला लागून जुनी मसणवट आहे. पूर्वी गावातली काही घरं आपली माणसं जाळत नसत, पुरत असत. वर एकेक दगड, नाव नाही काही नाही. कोणता दगड कोणाचा, हे विचारायचं तर धुरपताबाईला. अक्षय तृतीयेला पितरांना पाणी द्यायची वेळ आली की तुमसर-मोहाडीला दुकानं थाटलेली मंडळी तिच्या दारात हजर. "वर्सभर आजा आठवला नाई, आज बरा आठवला," असं सुनावूनच ती वाट दाखवायची. बाईला या मानाचा थोडा तोरा होता, आणि का नसावा?

या घरांची एक रीत होती. घरची बाई गेली की तिचा पाटा फोडायचा. अर्धा तिच्या उशाशी, वाटायची बाजू मातीत दाबून; तोच तिचा दगड. अर्धा घरात, सुनेसाठी. धुरपताबाई लग्न होऊन आली तेव्हा सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातल्या अर्ध्या पाट्यावर मासोळीचं नुसतं डोकं कोरलेलं. पन्नास वर्षं ती त्या डोक्यावर मिरची वाटत आली. सासूचा दगड नवऱ्याने दाखवला, तोच तिने मानला.

शेजारचा दगड टेकचंदच्या आईचा. दोघी एकाच पंधरवड्यात पटकीने गेल्या होत्या. तेव्हा दोन वर्षांचा असलेला टेकचंद बपेऱ्याला मामाकडे वाढला आणि तीस वर्षांपूर्वी गावी परतला. आईचा फोटो नाही, चेहरा आठवत नाही. धुरपताबाईने बोट दाखवलं तो दगड म्हणजेच आई. तुकडे जोडून पाहायला हवे होते, पण मयताचा दगड उगाच हलवू नये म्हणून राहिलं. आता सत्तरी ओलांडलेला हा माणूस अजूनही तिथे बसून सगळं सांगतो, धान कसं झालं, नातीचं कुठे जमलं.

यंदा कुंपणाची भिंत बांधायला मजूर आले. दगड सरकवायचे म्हणून दोघंही मुद्दाम जाऊन उभे राहिले. मजुराने पहारीने टेकचंदच्या आईचा दगड उलटवला. खाली मासोळीची शेपटी.

धुरपताबाईने ओळखलं, आपल्या घरातल्या डोक्याचीच ही शेपटी. टेकचंदच्या काही लक्षात आलं नाही, तो दुपट्ट्याने दगड पुसत होता. ती गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? घरी आली, पण घास उतरेना. आपलं हसं होईल याची भीती होतीच. त्याहून वाईट हे, की या वयात आपण त्या माणसाची आई हिरावून घेणार.

सकाळी ती आपला अर्धा पाटा टोपल्यात घालून डोक्यावरून मसणवटीत घेऊन गेली. टेकचंदला बोलावून त्याच्यासमोर तुकडे जोडले. मासोळी पुरी झाली.

"भाऊजी, हे तुमची माय नोहे. माही सासू होय. चुकी माही आहे."

टेकचंदने जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग मी तीस वर्सं कोणाशी बोलून राहिलो, वयनी?"

तिने उलट विचारलं, "तुमच्या घरचा अर्धा पाटा कुठी आहे?"

"विहिरीपाशी. त्याच्यावर कपडे धुतेत."

तो आणला. कोरीव काही नव्हतं, फुटलेली कड मात्र वाकडीतिकडी होती. आता एकेक दगड लावून पाहायचा. जवळचा म्हणून शेजारचाच आधी उलटवला. कडेला कड अशी बसली की मध्ये नखही शिरेना.

तो धुरपताबाईच्या सासूचा म्हणून मानलेला दगड होता. पन्नास वर्षं तिने त्याला पाणी दिलं होतं, नव्या धानाची पहिली लोंबी ठेवली होती.

टेकचंद खाली बसला. दगडावर हात ठेवून लहान पोरासारखा रडला.

"म्हंजे माही माय तहानलेली नोती, वयनी. मी गावात नोतो तवाही तुम्ही तिले पाणी देऊन राहिल्या होत्या."

धुरपताबाईने पदराने डोळे पुसले.

"अन् माह्या सासूले घरादाराच्या गोष्टी तुम्ही सांगतल्या, भाऊजी. मी त पाणी ठेवून निघून जात होती. तिच्यासंग दोन शब्द बोलली नाई कधी."