चार एलईडी आणि एकच बटण

आमच्या घरात टॉर्चला 'बॅटरी' म्हणणाऱ्या एकट्या सासूबाई. बॅटरी आत असते, बाहेरचा तो टॉर्च, हे मी त्यांना अगदी रीतसर समजावून सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पाच मिनिटांनी विचारलं, "जावईबापू, ती तुमची नवी बॅटरी दाखवा ना." मी चिडलो. टॉर्चच्या बाबतीत मी पटकन चिडतो, हे बायकोचं मत आहे आणि ते खरं आहे.

सासूबाई नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे दिल्लीला आल्या, लक्ष्मीबाई नगरात, बायकोला नोकरीमुळे मिळालेल्या क्वार्टरमध्ये. दिल्लीत त्यांचं स्वतःचं असं एकच होतं. घरासमोरच्या पार्कच्या पलीकडे एका घरी दर रविवारी संध्याकाळी विदर्भ-मराठवाड्याकडच्या बायका बुद्धवंदनेला जमायच्या. वंदना अर्धा तास आणि गप्पा दीड तास. तिथून परत आल्या की सोमवारपर्यंत त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दिवसा सगळं ठीक, पण उजेड कमी झाला की पायाखालचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, औषधानं आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. पार्कमधल्या वाटेवर झाडांच्या मुळांनी फरश्या उचलल्या आहेत आणि दिव्याचा खांब पानांत बुडालाय. त्या दोनदा अडखळल्या आणि जाणं बंद केलं. मी हात धरून नेतो म्हटलं तर म्हणाल्या, "सगळा वॉर्ड सांभाळलाय मी. मला काय हात धरून नेता?" त्यानंतर नागपूरच्या बहिणीला फोन सुरू झाले. "नुसतं बसूनच राहायचं तर तुझ्याकडे येऊन बसते. कायमचीच येते."

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडलो नाही, पण गुडगावच्या ऑफिसातून थकून आल्यावर माझ्याशी बातम्यांवरून कडाकडा भांडणारं माणूस घरात नसेल, हे मला पटेना. मला त्या हव्या होत्या. म्हणून मी ठरवलं की त्यांच्यासाठी टॉर्च बनवायचा.

आता आमच्या टोळीबद्दल सांगायला हवं. आम्ही तिघं टॉर्चवेडे. एक मी. दुसरी मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारी, फिजिक्समध्ये पीएचडी करणारी लातूरची मुलगी. सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंग तिचं. तिसरे हिंदूराव हॉस्पिटलकडचे चाचा, त्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. ॲल्युमिनियमची बॉडी ते कोरतात. दर रविवारी सकाळी आमच्या घरी बैठक. नियम दोनच: उजेड भरपूर हवा, आणि किंमत अशी हवी की ती ऐकून माझ्या बायकोची भुवई वर जाऊ नये.

पहिल्याच बैठकीत एलईडी किती यावरून जुंपली. मला तीन हवे होते, लांब पल्ल्यासाठी. मुलगी म्हणाली, "चार यार! बिल्कुल चारच. प्रत्येकावर भार कमी, तापणार कमी." चाचांना चारही चालत होते आणि आठही, "बस, हीट को रास्ता दे दो." उजेड मोजायचा तर अंधार हवा, आणि दिवसाढवळ्या अंधार फक्त आमच्या बाथरूममध्ये. टॉर्च जमिनीवर उभा ठेवायचा, छतावर आपटून खाली येणारा उजेड मोबाइलवर मोजायचा. म्हणजे तीन मोठी माणसं दार लावून बाथरूममध्ये, आणि आतून आरोळ्या, "वाढला! वाढला!" बाहेर पोहे घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपण झालं का?" बायकोच्या हातातली बशी हसण्यानं पडता पडता राहिली.

महिन्याभरात टॉर्च तयार झाला. चार एलईडी, मुठीत मावेल एवढा, आणि पार्कपलीकडच्या पाण्याच्या टाकीवरचा आकडा वाचता येईल असा झोत. सगळ्यात जास्त अभिमान आम्हाला बटणाचा होता. एकदा दाबलं की चालू किंवा बंद. दोनदा दाबलं की पूर्ण उजेड. तीनदा दाबलं की चार्ज किती उरलाय ते कळणार. चारदा दाबलं की कुलूप, म्हणजे पिशवीत चुकून चालू व्हायला नको. पाचदा दाबलं की लखलखाट, कुणी अंगावर आलं तर. मी मोठ्या अक्षरात सूचनांचा कागद लिहून दिला. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि "हुशार आहात," म्हणाल्या. आम्ही तिघं फुगलो.

डिसेंबरातला रविवार. संध्याकाळचे सहा, पण अंधार पडलेला. त्या पांढरी साडी नेसून, शाल गुंडाळून एकट्या निघाल्या. कुणी सोबत यायचं नाही, असा हुकूम होता. आम्ही बाल्कनीत. झोत थेट समोरच्या इमारतीवर पडला आणि मी बायकोला कोपर मारलं. बघ!

पार्कच्या मध्यावर उजेड गेला. चालताना बटण चुकून दाबलं गेलं असणार, मग त्यांनी ते पुन्हा दाबलं, मग घाईघाईत पुन्हा पुन्हा. टॉर्चला कुलूप लागलं. काही क्षण तिथं नुसता काळोख. मग दाबता दाबता कुलूप उघडलं आणि एकदम लखलखाट सुरू झाला, सगळा पार्क उघडझाप करायला लागला, कुत्री भुंकत सुटली, बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चपला न घालता खाली धावलो. सासूबाई झाडाला हात लावून उभ्या होत्या, टॉर्च छातीशी दाबून धरलेला, आणि शालीतून उजेड थडथडत होता.

घरी येऊन त्यांनी टॉर्च टेबलावर ठेवला. "बॅटरी चांगली आहे हो तुमची," म्हणाल्या. "मीच जुनी झाले." आणि आत जाऊन बहिणीला फोन लावला, तिकीट काढायला सांगायला.

मला माझाच इतका राग आला की मी तो कागद फाडून टाकला. पाण्याच्या टाकीवरचा आकडा! त्यांना आकडा कशाला वाचायचा होता? आम्ही महिनाभर छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. जिच्या हातात तो जाणार, तिच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. त्या दर रविवारी पोहे घेऊन दाराबाहेरच उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी मी मान खाली घालून त्या दोघांना सगळं सांगितलं. चाचांनी खुर्ची ओढली आणि सासूबाईंना म्हणाले, "माताजी, आप बैठिए. आप बताइए, क्या चाहिए."

त्या आधी "मला काय कळतं" म्हणाल्या. मग टॉर्च उचलला आणि काखेत दाबला. "नाइट ड्यूटीला आम्ही असा धरायचो. सलाईन लावायला दोन्ही हात मोकळे हवेत ना. हा घसरतो. आणि भाजतो." बायकोनं चाचांसाठी हिंदीत सांगितलं. मग त्या थांबेचनात. उजेड दूर नको, पायापुढं हवा आणि चांगला पसरट. निळसर नको, निळसर उजेडात खड्डा आणि सावली सारखीच दिसते. "आणि बटण एकच काम करणारं द्या. पेशंटची नाडी बघताना मी बटणं मोजत बसू का?"

मुलीनं खूप खपून लिहिलेला प्रोग्रॅम त्या बटणातच होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "चलो आजी, काढून टाकते." खरोखर काढून टाकला. साधं खटक्याचं बटण बसवलं, अंगठ्याला अंधारात सापडेल एवढं मोठं. चाचांनी बॉडीवर खाचा पाडल्या. काचेवर धुरकट फिल्म लावली, पिवळसर एलईडी घातले. चारही ठेवले, पण प्रत्येकाला जेमतेम करंट दिला, म्हणून तो तापेचना. त्यानंतरच्या रविवारी बाथरूममध्ये मोजला तर आकडा आधीच्या निम्म्याहून कमी. आमच्यातला कुणीच "वाढला" म्हणाला नाही, आणि सासूबाई बाहेरून विचारत्या झाल्या, "का हो, सगळे गप्प का?"

त्या संध्याकाळी बाल्कनीत आम्ही चौघंच, सासूबाई खाली होत्या. टक्, आणि त्यांच्या पायापुढं पिवळा उजेड पसरला, चटई अंथरावी तसा. उंच आलेली फरशी त्यांनी ओलांडली. दुसरी ओलांडली. झाडापाशी थांबल्या तेव्हा मी चपला शोधायला लागलो, पण त्या फक्त शाल सारखी करत होत्या, टॉर्च काखेत धरून. मग पलीकडचं दार उघडलं आणि त्या आत गेल्या. मुलीनं चाचांना मिठी मारली. चाचा "अरे, अरे" करत राहिले आणि चष्मा पुसत राहिले.

दोन तासांनी त्या परत निघाल्या तेव्हा एकट्या नव्हत्या. सहा बायका त्यांच्या दोन्ही बाजूंनी, सगळ्या त्या एका उजेडातून चालत, मोठमोठ्यानं बोलत येत होत्या. एकेकीला तिच्या जिन्यापर्यंत पोचवून सासूबाई वर आल्या. बायकोनं घाबरतच विचारलं, "आई, मावशीचा फोन आला होता. तिकिटाचं काय सांगू?"

त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "सहा जणींना हीच बॅटरी हवीये. मी हो म्हणून आलेय," त्या म्हणाल्या. मग शाल काढून खुंटीला अडकवली. "सावकाश करा, घाई नाही. मी आहे इथंच."