गिरणीवरचं लाहोर

"ताई, चक्की थांबव. लाहोर हलतंय."

दिवसातून एकदा तरी ही आरोळी जिन्यावरून खाली यायची. माझी पिठाची गिरणी नाशिकरोडला, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. वरच्या दोन खोल्यांत ती राहायची. गिरणी सुरू झाली की तिची फरशी थरथरायची, फरशीवरचं टेबल थरथरायचं, टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच्यातलं लाहोरसुद्धा. मग तिचा माऊस भलतीकडे टेकायचा आणि सैन्य भलत्याच गावावर चालून जायचं.

सत्तरी गाठलेली सरदारीण. नवरा मनमाडला रेल्वेत होता. नोकरी संपल्यावर दोघं इथे आली आणि दोन वर्षांत तो गेला. मुलगा एकुलता एक, कॅनडात. मी तिला भाभी म्हणायची. ती मराठी छान बोलायची. राग आला की हिंदीत जायची, फारच आला तर पंजाबीत. तेव्हा मी आपली दळण दळत राहायची, कारण मला ते कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल, या वयात बाई कॉम्प्युटरवर लढाया खेळते म्हणजे डोक्यात काहीतरी फरक असणार. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून एक दिवस मक्याच्या पिठाचा डबा द्यायच्या निमित्ताने मी वर गेले आणि मागे उभी राहून बघितलं.

पडद्यावर एक नकाशा होता, गोधडीसारखा. प्रत्येक तुकडा एकेका राजाचा. आपण एक राज्य घ्यायचं आणि शेकडो वर्षं चालवायचं. शेतसारा, सैन्य, तह, सोयरिकी, सगळं आपणच बघायचं. ती दरवेळी पंजाब घ्यायची. खेळ मुलाचा होता. जाताना तो कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. फोनवर दर रविवारी तब्येत, पाऊस, भाजी एवढं बोलून झालं की दोघांना काही सुचायचं नाही. एकदा हिने सहज विचारलं, तुझा तो खेळ कसा खेळतात रे? त्या दिवशी तो अर्धा तास बोलला. तेव्हापासून ही खेळायला लागली. इंग्रजी अडलं की वहीत उतरवून ठेवायची आणि रविवारी त्याला विचारायची.

मी चौथी शिकलेली. इतिहासात मला शिवाजी महाराजांपलीकडे काही आठवत नव्हतं. पण बघता बघता मलाही नाद लागला. दुपारी गिरणी बंद करून मी वर जायची आणि बाजूच्या खुर्चीत बसायची.

पहिल्याच दिवशी तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "पदर घे."

"कशाला?"

"गुरूंचं नाव येणार आहे."

मी म्हटलं, अगं, तो खेळ आहे. ती म्हणाली, नाव तर तेच आहे ना. मी पदर घेतला. पडद्यावर एक चौकोन उघडला, ती उभी राहिली, हात जोडले आणि खाली बसून मग माऊस हलवला. दहा गुरू, दहा वेळा उठबस. गुडघे दुखत होते तरी.

पण खेळावर तिचा राग होता. त्याने प्रत्येक गुरूचा एकेक फायदा लिहून ठेवला होता. हे आले की सारा वाढेल, ते आले की सैन्य कणखर होईल. "गुरू म्हणजे काय ताकदीच्या गोळ्या आहेत?" ती म्हणायची. नवव्या गुरूंनी दुसऱ्यांच्या धर्मासाठी शीर दिलं, ते मला तिने सांगितलं, खेळाने नाही. त्यांच्या धर्मग्रंथात आपल्याकडच्या एका शिंपी संताची वाणी आहे, हेही तिनेच सांगितलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी बोललं नव्हतं.

एकदा ती सगळा पडदा धुंडाळत बसली होती. काय शोधतेस विचारलं, तर म्हणाली, लंगर. सैन्य पाठवायला बटण होतं, गाव जाळायला होतं. पंगतीला बसवून जेवू घालायला नव्हतं.

"ज्याने खेळ केला, त्याला कुणी जेवू घातलं नसेल," मी म्हटलं. तेव्हा ती हसली.

तिला जिंकायचं नव्हतं, हे मला जरा उशिरा कळलं. तिला एकच गोष्ट बघायची होती. लाहोरचा मोठा राजा म्हातारा होऊन मेला, मग त्याच्या वारसांना एकेक करून मारलं, आणि शेवटी गादीवर एक लहान पोर उरलं. त्याची आई कारभार बघायची. इंग्रजांनी राज्य घेतलं, आईला एकीकडे टाकलं, पोराला विलायतेला नेलं. हे खरं घडलेलं. खेळात तिला ते पोर आईजवळ लाहोरातच मोठं झालेलं बघायचं होतं. एकदाच.

खेळ पोराचं नाव दरवेळी निराळं ठेवायचा. तिचं काही अडायचं नाही. विधवा राणी आणि अल्पवयीन राजा, एवढं पडद्यावर आलं की ती पुढे सरकून बसायची. दोनदा इंग्रजांनी लाहोर घेतलं. तिसऱ्यांदा पोर सज्ञान व्हायला एकच वर्ष राहिलं होतं, आणि खाली माझ्या गिऱ्हाइकाने घाई केली म्हणून मी मोटर सुरू केली. मोटर सुरू होताना कधीकधी वीज एकदम खाली जायची. वर कॉम्प्युटर बंद पडला. मधे मधे खेळ जपून ठेवायचा असतो म्हणे, ते ती विसरली होती.

ती जिना उतरून आली, बाकड्यावर बसली. मी वाट बघितली, पंजाबी ऐकू येईल म्हणून. ती एवढंच म्हणाली, "या वेळी इंग्रज नव्हते, तू होतीस."

त्याच दिवशी तिने मला पुढची गोष्ट सांगितली. म्हणे बऱ्याच वर्षांनी त्या राणीला मुलगा भेटला. तोवर तिला दिसेनासं झालं होतं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर केस कापलेले. आणि ती रडली.

"केसांसाठी रडली?" मी म्हटलं. "पोर भेटलं होतं ना?"

ती उठून गेली. आठ दिवस तिचं दळण दुसऱ्या गिरणीत गेलं. मी बोलायला नको होतं, असं लोक म्हणतील. मला जे कळलं नाही ते मी विचारलं.

आता मला जे कळलं होतं आणि मी बोलले नाही, ते सांगते. मुलगा फोनवर दिसायचा तो कायम लोकरीची टोपी घालून. कानाखालपर्यंत ओढलेली. दाढीसुद्धा नीट कातरलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा आल्यावरच काढायचा म्हणून अडून बसलेली. पडद्याला नाक लावून, भिंग धरून खेळायची. जूनमध्ये एकदा मी विचारलं, तिकडे अजून थंडी आहे का? ती म्हणाली, "असते." त्या आवाजावरून मी पुढे काही विचारलं नाही. माझ्यासारखीने गप्प बसायचं म्हणजे बघा.

चौथ्या वेळी पोर वयात यायच्या दिवशी मी सकाळपासून गिरणी बंद ठेवली. खाली डब्यांची रांग लागली. हरसूलकडची एक बाई नागली घेऊन बसली होती. वर बघून हळूच म्हणाली, "मावशी, वर कुणी गेलं का?"

"नाय. वर एक पोरगा मोठा होतोय."

मी वर जाऊन तिच्या बाजूला बसले. तिने ओढणी घेतली, मी पदर घेतला, गुरूंचं नाव नसताना. बराच वेळ नकाशा नुसता हलत होता. मग एक चौकोन उघडला. राजा सज्ञान झाला, आता तो स्वतः राज्य करील, एवढंच. ना नगारा, ना तोफ. राणीचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं. खेळाला तिची गरज संपली होती.

"बस?" मी विचारलं.

"बस," ती म्हणाली. आणि कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी तिने परातभर शिरा करून खाली आणला. प्रसाद म्हणू देईना. हा नुसता शिरा आहे, खेळातल्या पोराचा, म्हणाली. अख्ख्या गल्लीने तो खाल्ला. त्या रविवारी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आई, मी येतो.

आणि खरंच आला. ती सकाळपासून माझ्या बाकड्यावर बसली होती. वर थांब म्हटलं तर म्हणाली, इथून रस्ता दिसतो. तिला रस्ता काय दिसणार होता. रिक्षा थांबली, तो उतरला, डोक्यावर तीच टोपी, नाशिकच्या मे महिन्यात. पाया पडायला वाकला. तिने आशीर्वादाला हात ठेवला आणि तो हात टोपीखाली गेला. तिथेच थांबला.

त्याने मान वर केली नाही.

ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "ताई, चक्की लाव."

चक्कीवरच्या डब्यात एक दाणा नव्हता. रिकामी गिरणी चालवायची नसते, दगडावर दगड घासतो. मी बटण दाबलं. त्या आवाजात ती काय बोलली, तो काय बोलला, मला ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसले. हात मात्र तिने डोक्यावरून काढला नाही. बऱ्याच वेळाने तिने दुसरा हात वर करून मला खूण केली. मी गिरणी थांबवली.

"चल," ती त्याला म्हणाली, "डाळ गार होतेय."

डोळे इथेच करून घेतले आणि महिन्याभरात तो तिला घेऊन गेला. वर आता एक शिक्षक जोडपं राहतं. गिरणीबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

पुढे दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडायला, कारागीर आला. त्याने दगड उलटा केला, बोट फिरवलं आणि विचारलं, "मावशी, रिकामी कोणी चालवली?"

"मीच," मी म्हटलं. "काम होतं."