देवातली शिवराई

शिवछत्रपतींच्या स्वराज्याचा एक अंश आमच्या लोणावळ्याच्या घरी मुक्कामास होता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. तो सुट्या पैशांच्या वाटीत सापडला, आणि तोही तूपवालीने घ्यायला नकार दिला म्हणून.

ही बाई तिकोणा पेठेकडून बाजाराच्या दिवशी येत असे. वहिनींनी दिलेले एक काळे, जाड नाणे तिने उलटसुलट करून परत केले.

"ह्यो न्हाई चालायचा, ताई."

"अगं, मागच्या बाजारी तूच दिलास."

"मी दिला आसंल तर तवा चालत आसंल."

दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, तेव्हा ओटीवर शाळेचे पेपर तपासत होते. त्यांनी ते नाणे उजेडात धरले आणि अंगठ्याने पुसले. मग 'श्री राजा शिव' एवढी अक्षरे त्यांनी वाचून दाखवली. मागल्या बाजूला 'छत्रपति' होते. तूपवालीला त्यांनी दुसरा पैसा दिला आणि वर चहाही विचारला, त्यामुळे ती जरा घाबरलीच.

दादांचे दुखणे घरात सगळ्यांना माहीत होते. पुण्याच्या एका इतिहास मंडळापुढे आपण एकदा तरी निबंध वाचावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ते निबंध पाठवत आणि मंडळ ते न चुकता परत पाठवत असे. आता मात्र प्रत्यक्ष महाराजांच्या टांकसाळीतले नाणे हाती आले होते. ते तिकोण्याच्या किल्लेदाराच्या कमरेतून पडले असावे, असे रविवारपर्यंत ठरले. त्याच्या पुढच्या रविवारी किल्लेदार जखमीही झाला.

मंडळाचे एक विद्वान दिवाळीनंतर हवापालटासाठी लोणावळ्यास येणार होते. त्यांनी येऊन नाणे पाहण्याचे कबूल केले. तोवर एवढी थोर वस्तू मोहरीच्या डब्याशेजारी ठेवणे बरे नव्हे, असे दादांनी जेवताना सांगितले. वहिनींना ते पटले. त्यांनी नाणे धुऊन देवात ठेवले, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला.

देवात गेलेल्या वस्तूला पारोशाने हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. पूजा वहिनी करत. दादा सकाळी घाईघाईने आंघोळ करून शाळेत पळत आणि संध्याकाळी दुरूनच नमस्कार करत. त्यामुळे पावसाळाभर इतिहासकाराने आपला पुरावा फक्त हात जोडून पाहिला.

विद्वान आले. त्यांना चिक्की दिली, ती त्यांनी दातांकडे बोट दाखवून नाकारली. वहिनींनी तबकातून नाणे आणले. ते नव्या घागरीसारखे लखलखत होते.

"वा," विद्वान म्हणाले. "काय लावता याला?"

"चिंच आणि राख," वहिनी समाधानाने म्हणाल्या. "ताम्हन-पंचपात्रीबरोबर रोज घासते. सोमवारी जरा जास्त."

दादांनी नाणे हातात घेतले. राजा गेला होता, शिव गेला होता, आणि 'श्री' आहे की ओरखडा आहे हे सांगणे कठीण होते. माझ्या थोरल्या भावाला रडताना मी कधी पाहिलेले नाही, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा फार वेळ पुसला.

विद्वानांनी नाण्याची मागली बाजू खिडकीकडे तिरपी धरली. "या दोन आडव्या रेघा राहिल्यात पहा. दुदांडी शिवराई. नाव महाराजांचं, पण पाडली त्यांच्या कितीतरी नंतर. पेशवाईत, आणि पुढे इंग्रजी अमलातसुद्धा. अशी पुष्कळ सापडतात, मास्तर."

"म्हणजे किल्लेदार..." दादा म्हणाले.

"कोण किल्लेदार?"

दादांनी चिक्कीची बशी पुन्हा पुढे केली. तेव्हा, पाहुण्याला बरे वाटावे म्हणून, वहिनी म्हणाल्या, "आमच्या आळीत सगळ्यांच्याच देवात आहे असली. पलीकडच्या काकूंची तर आरशासारखी झालीय. त्या लिंबू लावतात."

विद्वानांनी कप खाली ठेवला. "सगळ्यांच्या? आणि खेड्यांतून?"

"तिथंही असतील की. चालत नाही म्हणून टाकून कोण देणार? नाव आहे ना वर."

"होतं," दादा म्हणाले.

"मास्तर, हे लिहा," विद्वान म्हणाले. "चलनातून गेलेलं नाणं देवात कसं जातं आणि तिथं त्याचं काय होतं. किल्लेदार राहू द्या."

त्या हिवाळ्यात दादा सुटीच्या दिवशी मावळभर हिंडले. आधी आंघोळ करून निघत, म्हणजे देवाजवळ जाता येई. एका म्हातारीला त्यांनी घासू नका म्हणून विनवले. ती म्हणाली, "मास्तर, नाव घासलं तर घासलं. द्येवाला काय वाचायचं हाय?" हे दादांनी शब्दशः उतरवून घेतले आणि परतीच्या वाटेवर दोनदा मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत निबंध लिहिताना ते हसल्याचे मला आठवत नव्हते.

मंडळाने त्यांना बोलावले. दादांनी निबंध उभे राहून वाचला. वहिनी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, आणि घासण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहून मान डोलावली.

पुढे निबंध मंडळाच्या अंकात छापून आला. तो दीड पान भरला. उरलेल्या अर्ध्या पानावर, मागील सभेत ज्यांनी चुकून दुसऱ्याची छत्री नेली असेल त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी, अशी सूचना होती.